अर्ध्या वेळेचा करार

या व्याख्यानमालेत एरवी पुस्तकांवर बोललं जातं, कधी एखाद्या नाटकावर. आज आम्ही एक करार वाचायला घेतलाय. आमच्या वाचनगटात एकीने हे पहिल्यांदा सुचवलं तेव्हा आम्हीही हसलो होतो. करार कोण वाचतं? बँकेत सही करतानासुद्धा आपण वाचत नाही. पण चार-पाच बैठका झाल्यावर लक्षात आलं की कादंबरीत लेखकाने काय लपवलंय हे शोधायची जी सवय आपल्याला असते, तीच इथेही उपयोगी पडते. करारात काय लिहिलंय याच्याइतकंच, काय लिहायची मुभाच नव्हती, हे पाहावं लागतं.

हा करार कॅलिफोर्नियातला आहे. 14 नोव्हेंबर 2022 रोजी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठाच्या दहाही कॅम्पसवर सुमारे 48,000 लोक संपावर गेले. यात कायम प्राध्यापक नव्हते. पदवीच्या मुलांचे ट्यूटोरियल घेणारे, पेपर तपासणारे, प्रयोगशाळेत रात्री थांबणारे पीएचडीचे विद्यार्थी होते. त्यांच्या जोडीला पोस्ट-डॉक आणि इतर संशोधक. पोस्ट-डॉक आणि संशोधकांचा समझोता आधी झाला, ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कामावर परतले. उरले विद्यार्थी, साधारण 36,000. ते 23 डिसेंबरपर्यंत बाहेर होते, म्हणजे जवळजवळ सहा आठवडे, आणि नेमके सत्र संपण्याचे. त्यांच्या हातात हत्यार एकच होतं, ते म्हणजे न तपासलेले पेपर.

त्यांची युनियन म्हणजे युनायटेड ऑटो वर्कर्स. हो, मोटार कारखान्यांतली, डेट्रॉइटची. शेक्सपिअर शिकवणारी मुलगी आणि फोर्डच्या कारखान्यात दरवाजे बसवणारा माणूस एकाच युनियनचे सभासद. आपल्याकडे प्राध्यापकांच्या संघटना आहेत, गिरणी कामगारांच्या होत्या, पण या दोघांना एका पावतीपुस्तकात बसवायची कल्पना आपल्याला सुचली नाही. असो.

आता आकडे. संपापूर्वी नऊ महिन्यांच्या अर्धवेळ नेमणुकीवरच्या टीचिंग असिस्टंटचा किमान पगार वर्षाला साधारण 23,000 डॉलर होता. युनियनने मागितले 54,000. करारात ठरलं की ऑक्टोबर 2024 पर्यंत टप्प्याटप्प्याने हा आकडा 34,000 च्या आसपास जाईल, आणि बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को या तीन ठिकाणी 36,500. वर्तमानपत्रांनी याला मोठा विजय म्हटलं. टक्केवारीने पाहिलं तर तो आहेच. सरकारी विद्यापीठात दोन वर्षांत इतकी वाढ एका फटक्यात मिळाल्याची उदाहरणं फारशी सापडणार नाहीत. आमचंही त्याबद्दल दुमत नाही.

आमचं म्हणणं त्या एका शब्दाविषयी आहे, जो आम्ही आत्ता सहज उच्चारला आणि तुम्हीही सहज ऐकून सोडला. अर्धवेळ.

अर्धवेळ म्हणजे आठवड्याला 20 तास. नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं असतं 50 टक्के. एखाद्या विभागाने 25 टक्क्यांची नेमणूक दिली तर वरचा आकडा सरळ निम्म्यावर येतो. युनियनने मागणी केली होती ती माणसाच्या जगण्याची किंमत धरून: इतकं भाडं, इतका किराणा, म्हणून इतके डॉलर. कराराने उत्तर दिलं ते तासांच्या हिशेबात. माणूस अख्खा, करार अर्ध्याचा. उरलेल्या अर्ध्यात काय होतं? तर विद्यापीठ म्हणतं, त्या वेळात तुम्ही शिकता.

हे म्हणणं निव्वळ थापेबाजी आहे असं आम्ही म्हणणार नाही. संशोधक विद्यार्थिनी प्रबंध लिहिते तो तिचा असतो, पदवी तिला मिळते, पुढची नोकरी त्या जोरावर तिला मिळते. ट्यूटोरियल घेता घेता ती शिकवायलाही शिकते. विद्यापीठाची बाजू मांडणारे लोक दुष्ट नव्हेत. त्यातले कित्येक स्वतः याच वाटेने प्राध्यापक झालेले आहेत, आणि आपल्या गाइडशी असलेलं नातं मालक-नोकराचं नव्हतं असं ते मनापासून मानतात. पण प्रयोगशाळेतल्या पेशींना शनिवार-रविवार नसतो. रविवारी सकाळी जाऊन त्यांचं खाद्य बदलावं लागतं. ते काम विसाव्या तासाच्या आत आलं की नोकरी, एकविसाव्या तासाला आलं की शिक्षण. हात तेच, पेशी त्याच, निबंधावर गाइडचं नाव तेच.

ही रेघ कोणी ओढली, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत खाजगी विद्यापीठांना केंद्राचा कामगार कायदा लागतो आणि सरकारी विद्यापीठांना त्या त्या राज्याचा. म्हणून तिथे एकाच कामाचे पन्नास वेगवेगळे अर्थ होऊ शकतात. मिशिगनमध्ये 1975 साली टीचिंग असिस्टंटांनी संप करून पहिला करार मिळवला. पुढच्या कराराच्या वेळी विद्यापीठ म्हणालं, तुम्ही कर्मचारीच नाही. वाद राज्याच्या कामगार आयोगाकडे गेला आणि 1981 मध्ये आयोगाने निकाल दिला: शिकवतात ते कर्मचारी, संशोधन करतात ते विद्यार्थी. शिकवणं हे काम आणि शोधणं हे शिक्षण, ही फाळणी तिथे कागदावर आली.

कॅलिफोर्नियाची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे उच्च शिक्षणातल्या कर्मचाऱ्यांसाठी 1979 पासून एक कायदा लागू आहे. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार हीरा. या हीऱ्यात एक खडा होता. विद्यार्थी असण्यावरच ज्यांची नोकरी अवलंबून आहे अशांना कर्मचारी मानायचं तर एक अट: त्यांचं काम त्यांच्या शैक्षणिक उद्देशांशी असंबद्ध असलं पाहिजे, किंवा शैक्षणिक उद्देश त्या कामाच्या मानाने दुय्यम ठरले पाहिजेत. शिवाय त्यांना कायद्यात घेतल्याने कायद्याचा हेतू साधला पाहिजे. बघा, म्हणजे तुम्ही आपल्या विषयाशी संबंध असलेलं काम जितकं चांगलं कराल, तितके तुम्ही कमी कर्मचारी. या तरतुदीच्या आधारे बर्कलीच्या टीचिंग असिस्टंटांना राज्याच्या मंडळाने कर्मचारी मानायला नकार दिला, आणि 1992 मध्ये अपील न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. सहा वर्षांनी, 1998 मध्ये, त्याच मंडळाने लॉस एंजेलिसच्या टीचिंग असिस्टंटांना कर्मचारी ठरवलं. विद्यापीठ एक, कायदा एक, तरतूद एक, काम एक. मधल्या काळात बदललं एवढंच की संप होत राहिले. डिसेंबर 1998 मध्ये तर अनेक कॅम्पसवर एकाच वेळी झाला, आणि 1999 मध्ये युनियनला मान्यता मिळाली. संशोधन सहायक मात्र बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी 2017 मध्ये कायद्याची व्याख्याच बदलावी लागली, आणि प्रत्यक्ष मान्यता मिळायला डिसेंबर 2021 उजाडला. म्हणजे 2022 च्या संपात त्यांचा हा पहिलाच करार होता.

इथे आम्ही जरा घरी येतो, कारण हा खडा आपल्याही भाकरीत आहे. 1978 साली बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्योग या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला की शिक्षणसंस्थाही त्यात आली. शिक्षकांना वाटलं, आता औद्योगिक विवाद कायदा आपल्यालाही लागणार. दहा वर्षांनी, 1988 मध्ये, गोव्यातल्या एका शाळाशिक्षिकेचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. ए. सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार. निकाल असा: शाळा उद्योग असेलही, पण शिक्षक हा त्या कायद्यातल्या अर्थाने कामगार नव्हे. शाळेतला कारकून त्या व्याख्येत बसतो, शिक्षिका बसत नाही. का? तर तिचं काम अंगमेहनतीचं नाही, कारकुनी नाही, तांत्रिक नाही, ते उदात्त आहे. आमच्यापैकी दोघांनी तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवलंय. उदात्ततेचे तास मोजून मिळतात आणि सुट्टीत मिळत नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. गोव्यात न्यायालयाने कामाला शिक्षणाच्या वर नेऊन ठेवलं, कॅलिफोर्नियात शिक्षणाच्या आत दडवलं. कायद्याच्या दाराबाहेर दोघंही राहिले.

मराठीत तर हा सगळा गोंधळ एका शब्दात मावलाय: विद्यावेतन. विद्याही आणि वेतनही. नेट-जेआरएफवाल्याला 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. ते विद्यावेतन वेळेवर येत नाही म्हणून मुलं आंदोलन करतात, तेव्हा त्यातल्या वेतनाविषयी कोणाशी बोलायचं हा प्रश्न येतो. 2022 च्या यूजीसी नियमांनुसार पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा उत्तरपत्रिका तपासणीचं काम देता येतं. नियमांत ते अध्यापनाच्या प्रशिक्षणाच्या कलमात येतं. आपल्याकडची मुलं निवेदन देतात. निवेदन आणि करार यात फरक काय, तर निवेदन घेणाऱ्याला उत्तर देणं बंधनकारक नसतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत ज्याला सामूहिक सौदाशक्ती म्हणतात तिचा अर्थ एवढाच, की समोरच्याला टेबलाशी बसावं लागतं आणि ठरेल त्यावर सही करावी लागते.

तर अमेरिकेतली मुलं टेबलाशी बसली. पण त्या टेबलावर काय ठेवता येतं? आमच्या मते कराराची खरी समीक्षा इथे सुरू होते. हीरा कायद्यात काही विषय वाटाघाटीतून स्पष्टपणे वगळले आहेत: विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या अटी, पदवी देण्याच्या अटी, अभ्यासक्रमाचा आशय आणि देखरेख, संशोधनाचे कार्यक्रम. वरवर पाहता हे वाजवी वाटतं. पीएचडी कोणाला द्यायची हे युनियनने ठरवू नये, हे आम्हालाही पटतं. पण प्रवेशाचा मुद्दा टेबलाखाली गेला की काय होतं बघा. पगार वाढला, विभागाचा पैसा तेवढाच राहिला. मग अनेक विभागांत पुढच्या वर्षी कमी मुलं घेण्याची भाषा सुरू झाली. युनियनने किंमत ठरवली, किती जणांना ती द्यायची हे विद्यापीठाने. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांचं काय होत असे हे ज्यांना आठवतं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

विस्कॉन्सिनमध्ये 1970 साली, जिथून या सगळ्याची सुरुवात झाली असं म्हणता येईल, तिथल्या टीचिंग असिस्टंटांनी संपात पगाराइतकीच जोरकस मागणी केली होती ती अभ्यासक्रमाच्या आखणीत वाटा मिळावा ही. 24 दिवस संप चालला. करार मिळाला, पण तो वाटा मिळाला नाही. बावन्न वर्षांनंतरच्या कॅलिफोर्नियाच्या मागण्यांत आम्ही तो मुद्दा शोधत होतो. घरभाडं होतं, बालसंगोपन होतं, बसचा पास होता, छळाविरुद्धच्या तरतुदी होत्या, आणि या तरतुदींत बरीच चांगली प्रगतीही झाली. गुंडगिरी करणाऱ्या गाइडविरुद्ध तक्रार करायची वाट आता करारात आहे, ही लहान गोष्ट नव्हे. पण काय शिकवायचं आणि एका वर्गात किती मुलं बसवायची, यावर बोलण्याचा आवाज पहिल्या पिढीत जितका मोठा होता तितका आता ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट, टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस खरा पैसेवाला नव्हता. ट्यूटोरियल घेणाऱ्यांचे पैसे राज्याच्या अनुदानातून आणि पदवीच्या मुलांच्या फीमधून येतात. प्रयोगशाळेतल्या मुलांचे पैसे बहुतेक करून केंद्राच्या संशोधन अनुदानांतून येतात, आणि ते अनुदान एखाद्या प्राध्यापकाच्या नावावर चार-पाच वर्षांसाठी ठरलेलं असतं. पगार वाढला म्हणून वॉशिंग्टन ते वाढवून देत नाही. म्हणजे विद्यापीठ जो करार करतं, त्याचं बिल निम्मंशिम्मं अशा प्राध्यापकाकडे जातं जो वाटाघाटीला नव्हताच. तो मग एका विद्यार्थ्याऐवजी एक पोस्ट-डॉक घेण्याचा विचार करतो. सरकारी विद्यापीठातल्या युनियनला खरं तर एका वेळी तीन टेबलं लागतात: विद्यापीठ, विधिमंडळ आणि केंद्र. शेवटच्या टप्प्यात मध्यस्थ म्हणून आले ते डॅरेल स्टाइनबर्ग, राज्याच्या राजधानीचे म्हणजे सॅक्रामेंटोचे महापौर आणि पूर्वी राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष. निवड अचूक होती म्हणायची. फक्त त्यांच्या हातात तिजोरीची किल्ली नव्हती.

आता तो 299. अनेक विभागांत प्रबंधाच्या कामासाठी विद्यार्थी जो अभ्यासक्रम नोंदवतो त्याचा हा क्रमांक. त्याला तास नसतात, वर्ग नसतो. गाइडच्या प्रयोगशाळेत काम करणं हाच अभ्यासक्रम. म्हणजे विद्यार्थिनी एकाच टेबलावर, एकाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, 50 टक्के नोकरी करत असते आणि त्याच वेळी 299 चे क्रेडिटही मिळवत असते. एरवी याचा कोणालाच त्रास नाही. संप झाला आणि प्रश्न उभा राहिला: ती संपावर आहे म्हणजे नेमकी कशावर? विद्यापीठाची भूमिका अशी होती की नोकरीचं काम थांबवायचा तुम्हाला हक्क आहे, पण शैक्षणिक काम चालू ठेवलं पाहिजे, त्याची श्रेणी वेगळी मिळेल. आता त्या मुलीने सूक्ष्मदर्शकाला कोणता डोळा लावायचा? डावा नोकरीचा आणि उजवा शिक्षणाचा? आम्हाला या सगळ्या करारात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा हीच वाटली. युनियनला मान्यता मिळाली, व्याख्या बदलली, पगार वाढला. पण कायद्याने चाळीस वर्षं ओढून ठेवलेली रेघ होती तिथेच राहिली. फक्त तिच्या एका बाजूचा भाव वाढला.

प्रेक्षकांतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. त्यांचा भाचा तिकडे आहे, आपली मुलं संपात जातात का, असं विचारलंय. जातात, बरीच गेली होती. पण त्यांची अडचण दुहेरी असते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, म्हणजे अर्धवेळ हा त्यांच्यासाठी करारातला शब्द नाही, कायद्याची भिंत आहे. उरलेल्या वेळात बाहेर कुठे हॉटेलात भांडी घासून भाडं भरावं म्हटलं तर तेही नाही. संपात भाग घेण्याचा हक्क त्यांना इतरांइतकाच आहे, पण भीती इतरांपेक्षा जास्त. दुसरं, दुसऱ्या राज्यातून आलेला अमेरिकन विद्यार्थी वर्षभरात कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरू शकतो. आपला भाचा व्हिसावर असेपर्यंत ठरू शकत नाही. बाहेरच्यांसाठीची जादा फी वर्षाला 15,102 डॉलर. ती बरेचदा विभाग किंवा गाइड भरतो, पण म्हणूनच परदेशी विद्यार्थी घेणं महाग पडतं. ही फी पूर्ण रद्द करावी अशी मागणी होती. ती मान्य झाली नाही.

शेवटी सांताक्रूझविषयी बोलल्याशिवाय आम्हाला थांबता येणार नाही, कारण 2022 चा संप तिथून निघाला. आधीचा करार 2018 मध्ये झाला होता. सांताक्रूझच्या बहुसंख्य सभासदांनी त्याच्या विरोधात मत दिलं होतं, पण राज्यभराच्या बेरजेत तो मंजूर झाला. त्या करारात मुदत संपेपर्यंत संप न करण्याचं कलम होतं. सांताक्रूझ हे समुद्रकाठचं छोटं गाव, घरं कमी आणि भाडं आभाळाला. डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या टीचिंग असिस्टंटांनी युनियनच्या परवानगीविना सत्राच्या श्रेणी अडवून धरल्या. मागणी एकच: महिन्याला 1,412 डॉलर महागाई भत्ता. हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. मुंबईत गिरणी कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला असे. त्याच्यासाठी प्रत्येक वेळी संप करावा लागू नये, हाच त्याचा अर्थ. फेब्रुवारी 2020 मध्ये विद्यापीठाने पन्नासहून अधिक जणांना कामावरून काढलं. पुढे त्या उन्हाळ्याअखेर त्यांना परत घेतलं गेलं. ज्या युनियनच्या सहीने त्यांचे हात बांधले होते, तिलाच त्यांच्या बाजूने लढावं लागलं. मान्यताप्राप्त युनियन एकीकडे आणि संपावरचे कामगार दुसरीकडे, हे चित्र 1982 पाहिलेल्यांना नवीन नाही. फरक एवढाच, की कॅलिफोर्नियात ती युनियन वाकली, शिकली आणि दोन वर्षांनी तिने स्वतःच सगळ्यांना बाहेर काढलं.

पण 2022 च्या वाटाघाटीत पगार महागाईला जोडण्याची मागणी नोव्हेंबर संपता संपताच युनियनच्या वाटाघाटी समितीने सोडून दिली. तिच्या जागी ठरलेले आकडे आले, आणि आकडे दोन पायऱ्यांचे. वरच्या पायरीवर बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को. बाकी सगळे खाली. करारावर मतदान झालं तेव्हा टीचिंग असिस्टंटांच्या युनिटमध्ये सुमारे 62 टक्के आणि संशोधकांच्या युनिटमध्ये सुमारे 68 टक्के मतं बाजूने पडली. सांताक्रूझच्या टीचिंग असिस्टंटांनी याही वेळी विरोधात मत दिलं. त्या दोन पायऱ्यांच्या तक्त्यात सांताक्रूझ खालच्या पायरीवर आहे.

प्रश्न घेऊया. मागच्या रांगेत माइक द्या.